गोगलगाय आणि काचेतले तळे

'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणून आपण जिची थट्टा करतो, तिनेच एका रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग वाचवला. ती हकिगत सांगतो.

साल १८४९. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधले रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी बारा गॅलनांच्या भांड्यात दोन लहान सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. हिशेब सरळ होता. माशांनी सोडलेला कर्बाम्ल वायू वनस्पतीने घ्यायचा, तिने प्राणवायू द्यायचा. म्हणजे पाणी बदलायला नको. पण झाले भलतेच! जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले, मासे धोक्यात आले. तेव्हा वॉरिंग्टननी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजका पाला आणि बुळबुळीत थर खाऊन टाकला, पाणी निवळले. त्यांची अंडीही माशांच्या पोटी गेली. १८५० साली वॉरिंग्टननी हे केमिकल सोसायटीपुढे मांडले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले.

पण राखणदाराचीही निगा राखावी लागते, हे मी चुकून शिकलो. वर्गातल्या बरणीत मी एकदा निव्वळ पावसाचे पाणी भरले. काही आठवड्यांत शंख पांढुरके पडले, त्यांवर खाचा उमटल्या. कारण काय? शंख म्हणजे चुनखडीच. पावसाच्या पाण्यात चुना जवळजवळ नसतो आणि ते किंचित आम्लही असते. अशा पाण्यात शंख झिजतो. लंडनचे पाणी मुळातच जड, म्हणजे चुन्याचे. वॉरिंग्टनना ही अडचण आली नसावी. मी मग विहिरीचे जड पाणी घातले, धुतलेले शिंपले टाकले. जुन्या खाचा बुजल्या नाहीत, पण नवी कड घट्ट आली.

तुम्ही शाळेत बरणी मांडाल तर एवढे सांभाळा. शेवाळ पुरेना झाले, तर उकडलेल्या दुधीची चकती द्या. उरलेली दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर तीच कुजेल. तांब्याच्या हंड्यातले पाणी मात्र नको. तांबे गोगलगायीला विष आहे. मोरचुदाने त्या मरतात ते याच कारणाने. बरणीत हात घातल्यावर मुलांना हात धुवायला लावा.

आणि कधी पाणी गढूळलेच, तर ते फेकण्याआधी मुलांना विचारा : यात कोण कमी पडले?