आजीचं साल

माझ्या आजीच्या जन्माची नोंद परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याच दप्तरात नाही. वय विचारलं की ती म्हणे, “रझाकाराच्या सालात तुझा बाप पोटात व्हता, कर आता हिसाब.” १९४८ हे साल मला पाठ्यपुस्तकाआधी तिच्या तोंडून कळलं. १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली. जात्यावर रचलेल्या तिच्या ओव्या मात्र तिच्याबरोबरच गेल्या.

म्हणून शांताबाई कांबळे मला इतिहासकार वाटतात. सोलापूर जिल्ह्यातल्या महूद गावी, महाराच्या घरात १ मार्च १९२३ ला त्यांचा जन्म झाला. १९४२ मध्ये त्या शिक्षिका झाल्या. १९८१ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी उपास, विटाळ, नवऱ्याचं दुसरं लग्न, सारं आपल्याच बोलीत मांडलं. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ मध्ये पुस्तकरूपानं आली. पँथर अरुण कांबळे हे त्यांचे चिरंजीव. ते २००९ मध्ये गेले. शांताबाई जानेवारी २०२३ पर्यंत, शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत जगल्या.

तरीही आपण त्यांची ओळख ‘पँथरची आई’ अशीच करून देतो. आपल्या चळवळीचा इतिहास सभा, ठराव आणि मोर्चांचा झाला. मोर्चाला भाकरी बांधून देणारीचं त्यात नाव नाही. हा दोष मनुवाद्यांच्या माथी मारता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी विद्यार्थ्यांना एकच काम देतो : घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा, ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून आणा.

मी पदवीधर झालो तेव्हा आजी हयात होती. मी वही उघडली नाही.