कहव्यावरील खटला आणि आपला चहाचा कप

वाचकहो, पाहुणा उंबरठ्याशी आला की "चहा ठेवा" हे शब्द आपल्या तोंडून आपोआप निघतात. पाहुण्याने चहा नको म्हटले तर तो रागावला आहे की काय, अशी शंका येते. इतके हे पेय आपल्या अंगवळणी पडले आहे. पण चहा-कॉफी हे पेय मानावे की व्यसन, असा प्रश्न कोणी काढला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "हे तर गोड विष!" दुसरा म्हणतो, "चहाने आजवर कोणाचे काय बिघडले?" हा वाद आजचा नव्हे. पाचशे वर्षांपूर्वी मक्का शहरात तो रीतसर न्यायसभेपुढे चालला होता. त्या खटल्याची हकीकत ठाऊक असेल, तर आपल्या कपाचा न्याय करणे आपल्याला सोपे जाईल.

येमेन ते मक्का

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातले. तांबड्या समुद्राच्या पलीकडे, येमेनमध्ये, पंधराव्या शतकाच्या मध्यास सूफी मंडळी तिच्या फळांपासून केलेले पेय पिऊ लागली. त्यांचा हेतू चैनीचा नव्हता. रात्रभर जिक्र करताना डोळ्यांवर झापड येऊ नये, एवढाच होता. या पेयाला अरबीत 'कहवा' हे नाव पडले. गंमत अशी की हाच शब्द त्यापूर्वी मद्यासाठीही वापरीत असत. पुढे जो गैरसमज झाला, त्याला हे नावही थोडेफार कारण झाले असावे.

येमेनहून कहवा मक्केला आणि कैरोला पोहोचला. इ. स. १५११ मध्ये मक्केचा मोहतसिब, म्हणजे बाजार आणि सार्वजनिक शिस्त पाहणारा अधिकारी, खैर बेग नावाचा होता. एका रात्री मशिदीजवळ काही लोक दिवे लावून, एकत्र बसून काही पीत असलेले त्याने पाहिले. चौकशी केली तेव्हा हा कहवा असून तो शहरात ठिकठिकाणी विकला जातो आणि तिथे लोकांचे अड्डे जमतात, असे त्यास कळले. दुसऱ्याच दिवशी त्याने उलेमांची सभा बोलावली आणि कहव्याचे भांडे सभेपुढे ठेवले.

उलेमांनी जो विचार मांडला तो आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गैरवर्तनाचे अड्डे बंद करावेत, याविषयी त्यांच्यात दुमत नव्हते. पण पेयाविषयी ते म्हणाले की वस्तू मुळात वैध मानावी. तिने शरीराला किंवा बुद्धीला अपाय होतो असे सिद्ध झाले तरच ती निषिद्ध ठरेल, आणि ते सांगणे वैद्यांचे काम आहे. म्हणजे त्यांनी नाव पाहिले नाही, परिणाम विचारला. प्रश्न अगदी योग्य होता.

दुर्दैवाने साक्षीदार मात्र तसे मिळाले नाहीत. दोघा वैद्य बंधूंनी कहवा अपायकारक असल्याचे सांगितले. सभेतील कोणी एकाने तर हे पेय मद्यासारखेच चढते अशी साक्ष दिली, तेव्हा "तुला मद्याचा अनुभव कसा?" म्हणून तोच अडचणीत आला, असेही सांगतात. निकाल कहव्याच्या विरुद्ध लागला. मक्केच्या रस्त्यांवर कॉफी जाळण्यात आली आणि विकणाऱ्यांना शिक्षा झाल्या. परंतु कैरोच्या मामलूक सुलतानाकडून जो हुकूम आला, त्यात अड्ड्यांना बंदी होती, पेयाला नव्हती. थोड्याच काळात मक्केत कहवा पुन्हा सुरू झाला.

राजे आणि कॉफीगृहे

पुढे हीच कथा निरनिराळ्या देशांत पुन्हा घडली. इस्तंबूलमध्ये १५५० नंतरच्या दशकात सीरियाहून आलेल्या दोघांनी कॉफीगृहे उघडली. लोक तिथे बुद्धिबळ खेळत, काव्य ऐकत आणि राज्यकारभारावरही बोलत. सुलतान मुराद चौथा याने १६३३ साली ती बंद करविली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला, पण लोकांचा विरोध पाहून काही दिवसांतच तो मागे घेतला. दोन्ही राज्यकर्त्यांना मुख्य धास्ती होती ती कपाभोवती बसून बोलणाऱ्या माणसांची. प्रजेच्या प्रकृतीची काळजी हे फार तर दुय्यम कारण होते.

हिंदुस्थानात आगमन

आपल्या देशात कॉफीचे बी बाबा बुदन या सूफी साधूंनी सतराव्या शतकात हजहून परतताना आणले, अशी परंपरा सांगते. कर्नाटकातील चिकमगळूरजवळचा डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पेय म्हणून मात्र कॉफी त्याआधीच येथे आली असावी. जहांगीर बादशहाच्या काळात आलेला, सर टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी याने, मद्य वर्ज्य मानणारे येथील लोक कॉफी पितात, असे नमूद केले आहे. सुरतेला १६३८ साली आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तेथे चहा पिण्याची रीत असल्याचे लिहिले आहे.

तरीही चहा घरोघरी गेला तो बऱ्याच उशिरा. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ साली झाला. चहाचे मळे वाढले, पण तो बहुतेक परदेशी जाई. मग १९०३ साली चहावर उपकर बसविणारा कायदा झाला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने, कोळशाच्या खाणी येथे चहाची दुकाने लावण्यात आली. रेल्वे स्थानकांवर चहाचे फलक झळकले. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने या प्रचाराला कडाडून विरोध केला. महात्मा गांधींनीही आरोग्यविषयक लेखनात चहा-कॉफीची गरज नसल्याचे सांगितले. तेव्हा वाचकहो, आपण ज्याला पिढ्यान् पिढ्यांची रीत समजतो, ती बऱ्याच घरांत शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडची नाही आणि ती पद्धतशीरपणे लावलेली सवय आहे.

खरा साक्षीदार

मक्केच्या सभेला जो साक्षीदार हवा होता, तो तीनशे वर्षांनी सापडला. जर्मन कवी गटे याने रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कॉफीच्या बिया देऊन त्यांचे पृथक्करण करण्यास सुचविले. रुंगेने १८१९ च्या सुमारास त्यांतून एक पांढरा स्फटिकमय पदार्थ वेगळा केला. तोच कॅफीन. चहात १८२७ साली सापडलेला 'थेईन' हाही हाच पदार्थ आहे, हे १८३८ साली सिद्ध झाले.

कॅफीन शरीरात काय करते? दिवसभराच्या श्रमाबरोबर मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते मेंदूला "आता विसावा घे" असा निरोप देते. कॅफीन त्या निरोपाच्या वाटेत आडवे उभे राहते. थकवा जात नाही; तो कळत नाही, इतकेच. रोज कॅफीन घेणाऱ्याचा मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. मग एखादे दिवशी ते मिळाले नाही की डोके दुखते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत हा त्रास सुरू होतो आणि २ ते ९ दिवस टिकतो. अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांनी २०१३ साली आपल्या अधिकृत सूचीत त्याला स्थान दिले.

आपल्या समाजाला याचा अनुभव रमजानच्या पहिल्या रोजांना येतो. त्या दिवसांत होणाऱ्या डोकेदुखीचा अभ्यास सौदी अरेबियातील डॉक्टरांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. तिचे एक प्रमुख कारण रोजची कॉफी-चहा अचानक तुटणे हे होते. इबादतीत जागे राहता यावे म्हणून जे पेय सुरू झाले, त्याच्या सवयीने रोजाच्या दुपारी डोके धरून बसावे लागावे, हा विचार करण्याजोगा प्रकार आहे. उपाय सोपा आहे. रमजानच्या पंधरा दिवस आधीपासून एकेक कप कमी करीत जावे.

मग निकाल काय?

मद्याशी केलेली तुलना चुकीची होती. चहा-कॉफीने माणूस बेभान होत नाही. माफक कॉफी घेणाऱ्यांत यकृताचे विकार आणि मधुमेह कमी आढळतात, असेही अनेक पाहण्यांत दिसले आहे. अर्थात कॉफीमुळेच ते टळतात, असे एवढ्यावरून ठरत नाही. पण "काहीच बिघडत नाही" हेही खरे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रौढांसाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सुचविली आहे. दीडशे मिलिलिटर चहात ते ३० ते ६५, तर बियांच्या पुडीपासून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असते. गरोदर स्त्रियांनी याहून कमी, २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्था सांगते.

पालकहो, दोन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्या. पहिली, जेवणाबरोबरचा चहा. चहातील टॅनिन डाळी-भाज्यांतील लोह शरीरात शोषू देत नाही. आपल्या मुली आणि स्त्रिया यांच्यात रक्तक्षयाचे प्रमाण मुळातच मोठे आहे. म्हणून जेवणापूर्वी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको, असे राष्ट्रीय पोषण संस्थाही सांगते. सकाळी नुसता चहा-पाव खाऊन मुलीला शाळेत पाठवणे म्हणजे तिला उपाशी पाठवण्यासारखेच आहे. दुसरी, डब्यांतून मिळणारी कॅफीनयुक्त थंड पेये. ती मुलांसाठी नाहीत, असे त्या डब्यावरच छापलेले असते. ते वाचावे आणि मुलांनाही वाचायला लावावे.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या रात्री चहाची किटली जवळ घेऊन बसण्यापूर्वी एक हिशेब मांडा. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे साधारण पाच तासांनंतरही शरीरात असते. रात्री दहाचा कप पहाटे तीन वाजता अर्धा शिल्लक असतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निजण्यापूर्वी सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने तासाभराहून अधिक झोप हिरावल्याचे आढळले. आणि दिवसा वाचलेले मनात पक्के बसते ते झोपेतच. झोप विकून घेतलेला अभ्यास परीक्षेच्या दालनात उपयोगी पडत नाही.

मक्केच्या उलेमांनी विचारलेला प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा : या पेयाने माझ्या शरीराचे आणि बुद्धीचे काय होते? ज्याला एक दिवस चहा न घेता सुखाने काढता येतो, तो चहा पितो. ज्याला येत नाही, त्याला चहाने बांधून ठेवले आहे. आपण कोणत्या बाजूला आहोत, याची साक्ष द्यायला दुसऱ्या कोणा वैद्याची गरज नाही. एक दिवस कप बाजूला ठेवून पाहा. आपले डोकेच साक्ष देईल.