मसाई मारा : कुंपणाविना मुक्काम

स्वाहिली भाषेत ‘सफारी’ म्हणजे प्रवास. मूळ अरबी शब्द ‘सफर’; मराठीतील ‘सफर’ही त्याच मुळापासून आलेला. या शब्दाशी जगभर जोडले गेलेले स्थळ म्हणजे केनियाच्या नैऋत्येस, टांझानियाच्या सीमेलगत असलेले मसाई मारा अभयारण्य. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५१० चौरस किलोमीटर आहे. साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळात सेरेनगेटीतून वाइल्डबीस्टचे लाखोंचे कळप येथील गवताळ माळावर येतात.

मुक्कामासाठी पक्क्या बांधणीची लॉज आणि कॅनव्हासचे तंबू असे दोन पर्याय असतात. तंबूत पलंग व स्वतंत्र स्नानगृह असते. मात्र अनेक तंबूनिवासांना कुंपण नसते. मारा आणि तालेक नद्यांतील पाणघोडे रात्री चरण्यासाठी काठावर येतात. त्यामुळे अंधार पडल्यावर पाहुण्याने एकट्याने बाहेर पडायचे नाही, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. भोजनमंडपापर्यंत ने-आण करण्यासाठी ‘अस्कारी’ म्हणजे रखवालदार सोबत येतो. बहुधा तो स्थानिक मसाई असतो. दिवसाही तंबूची चेन बंद ठेवावी लागते, अन्यथा माकडे आत शिरतात.

कुंपण नसण्यामागे जमिनीचा प्रश्नही आहे. अभयारण्याची हद्द प्राणी जाणत नाहीत. त्यांचे वर्षभराचे चरणे लगतच्या मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनींवरही चालते. या जमिनी एकत्र करून ‘कॉन्झर्वन्सी’ नावाची संरक्षित क्षेत्रे उभी राहिली. २००६ मध्ये स्थापन झालेली ओलारे ओरोक ही त्यांपैकी एक. निवासचालक जमीनमालकांना भाडे देतात आणि मालक जमिनीला तारा न घालता गुरांची चराई नियंत्रित ठेवतात. तंबूंच्या संख्येवर मर्यादा असते. मुख्य अभयारण्यात मनाई असलेली रात्रीची फेरी व पायी भ्रमंती येथे मार्गदर्शकासह करता येते. २०२० मध्ये करोनामुळे पर्यटन थांबले, तेव्हा हे भाडे देणेही कठीण झाले. भाडे थांबले की कुंपणे वाढतात आणि कळपांच्या वाटा बंद होतात. म्हणूनच निवास निवडताना जमीन कोणाची आणि भाडे कोणाला मिळते, हे अवश्य विचारावे.

जाण्यापूर्वी काही गोष्टींची पूर्तता करावी. जानेवारी २०२४ पासून केनियात व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते. पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी. भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सुटणाऱ्या छोट्या विमानांत सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते, त्यामुळे मऊ पिशवी सोयीची ठरते. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असल्याने पहाटेच्या उघड्या जीपफेरीसाठी उबदार कपडे जवळ असावेत.