खेकड्याच्या पाठीवरील बिऱ्हाडकरू

परदेशगमनाचा इतिहास लिहितांना आपण राजे, व्यापारी व धर्मोपदेशक यांचीच गणना करतों. पण गलबतांच्या आश्रयानें जे कोणास न पुसतां गेले, त्यांचाहि इतिहास आहे. युरोपच्या किनाऱ्यावरील हिरवा खेकडा त्यांपैकींच एक होय. १८१७ सालीं टॉमस से या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें आपल्या देशांत त्याची नोंद केली. १९०० च्या सुमारास तो ऑस्ट्रेलियांत दिसला. १९८९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत आढळला.

या आगंतुकाच्या पाठीवर पुष्कळदां लहान, पांढऱ्या कवचांचीं बिऱ्हाडें थाटलेलीं असतात. खडकांवर व गलबतांच्या तळांवर वाढणारे बार्नॅकल ते हेच. यांची जातकुळी कोणती? चुनखडीचें घर व अचल बैठक पाहून क्यूव्हिएसारख्या महापंडितानें त्यांस शिंपल्यांच्या वर्गांत घातलें. एवढ्या मोठ्या नांवापुढें शंका कोण काढणार? ती काढली आयर्लंडांतील कॉर्क येथें नोकरीस असलेल्या जॉन व्हॉन टॉम्सन या लष्करी वैद्यानें. समुद्रांतून बारीक जाळ्यानें काढलेले, पोहणारे, डोळस जीव त्यानें पाण्याच्या भांड्यांत ठेविले. पाहतां पाहतां ते भांड्यास चिकटले, त्यांनीं कात टाकली, आणि त्यांचे बार्नॅकल झाले! १८३० मध्यें हें प्रसिद्ध झालें. बिऱ्हाडकरू शिंपल्याचा नव्हे, घरमालकाचाच दूरचा भाऊबंद ठरला.

हें बिऱ्हाड मात्र कायमचें नाहीं. खेकडा वाढतांना कवच टाकतो, त्याबरोबर भाडेकरूहि जातात. प्रौढ खेकडे क्वचितच कात टाकतात. म्हणून त्यांच्या पाठीवर गर्दी अधिक. बार्नॅकलच्या आकारावरून मागील कातेस किती काळ लोटला याचा अदमास होतो. त्यापूर्वींचा वृत्तांत जळालेल्या दफ्तराप्रमाणें नाहींसा झालेला असतो.

याच कुळांतील सॅक्युलिना हा भाडेकरू नव्हे, दरोडेखोर. १८३६ मध्यें टॉम्सननेंच त्याचें वर्णन केलें. खेकड्याच्या पोटाखालीं पिशवीसारखा दिसणारा हा जीव यजमानाच्या सर्वांगांत मुळें पसरवून त्यास निर्वंश करितो. युरोपांतील हा शत्रु अमेरिकेच्या किनाऱ्यांवर खेकड्यामागें गेला नाहीं. परभूमींत खेकडा फोफावला, त्याचें हें एक कारण मानितात.

बाह्य वेषावरून कूळ ठरविण्याची जी चूक क्यूव्हिएनें केली, ती आम्ही इतिहासाचे अध्यापकहि नित्य करितों. टॉम्सनजवळ काय होतें? एक जाळें, एक भांडें आणि वाट पाहण्याचा धीर. विद्यार्थ्यांकडून थोरांचीं नांवें पाठ करवून घेतांना एवढेंच सांगावयास आम्ही विसरतों.