अँडीज पर्वतावरील निवडुंग आणि आपलें अंगण

निवडुंग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें शेताचें कुंपण उभें राहतें. परंतु त्या कुंपणांतील दोन निवडुंगांचें कूळ एक नव्हे. त्रिधारी निवडुंग तोडला असतां दुधासारखा चीक निघतो. तो शेराचा भाऊबंद. फड्या निवडुंग हा मात्र अमेरिका खंडांतून आलेला पाहुणा. ज्याला आपण कौतुकानें ब्रह्मकमळ म्हणतों आणि ज्याचें फूल पाहावयास रात्रीं शेजाऱ्यांना बोलावितों, तेंही या अमेरिकन कुळांतलेंच. याच कुळांतील, अँडीज पर्वतावर खांबासारख्या वाढणाऱ्या एका निवडुंगाची हकीकत आज सांगावयाची आहे.

पेरू देशांत, तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, चाविन दे वांतार नांवाचें प्राचीन देवस्थान आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांत तें भरभराटीस होतें. १९७२ च्या सुमारास लुंब्रेरास या संशोधकाच्या उत्खननांत तेथील गोल चौकाच्या भिंतींत कोरीव शिळा उजेडांत आल्या. एका शिळेवर सुळे असलेली व केसांच्या जागीं सर्प धारण केलेली मूर्ति हातांत धारांचा उभा निवडुंग घेऊन चालली आहे. म्हणजे या वनस्पतीचा मान अडीच हजार वर्षांहून जुना ठरतो.

पुढें १५३२ सालीं स्पॅनिश सेना पेरूंत उतरली. बेर्नाबे कोबो या जेझुइट पाद्र्यानें १६५३ मध्यें या वनस्पतीची नोंद ‘अचुमा’ या नांवानें केली, आणि सैतान हिच्या द्वारें लोकांना फसवितो, असा शेराही मारला. जुन्या देवतांवर बंदी आली. पण निवडुंग उपटला गेला नाहीं. लोकांनीं त्याला ‘सान पेद्रो’ म्हणावयास आरंभ केला. सान पेद्रो म्हणजे स्वर्गाच्या किल्ल्या बाळगणारा संत पीटर! जेत्यांच्या संताचें नांव धारण करून जितांची वनस्पति जगली. उत्तर पेरूंतील वैदूंच्या मांडणींत आजही क्रूस व हा निवडुंग शेजारीं शेजारीं असतात. २०२२ सालीं पेरू सरकारनें त्याचा पारंपरिक उपयोग राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केला. ज्याला सैतानाचें साधन म्हटलें, तोच वारसा ठरावयास सुमारें पावणेचारशें वर्षें लागलीं!

शास्त्रीय नामकरण १९२० सालीं ब्रिटन व रोझ या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं केलें, आणि इक्वेडोरमधील पाचानो या गृहस्थांच्या सन्मानार्थ त्यास ‘पाचानोई’ हें नांव दिलें. याच्या गरांत मेस्कॅलिन हें मनास भ्रांति आणणारें द्रव्य असतें. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें तें निर्बंधित आहे. तेव्हां हें झाड लावावें तें केवळ डोळ्यांसाठीं; तोंडासाठीं नव्हे.

आतां लागवडीविषयीं. तोडलेला कोंब लगेच मातींत खोंवूं नये. सावलींत दोन-तीन आठवडे ठेवून जखम कोरडी होऊं द्यावी, मग वाळू व बारीक खडी मिसळलेल्या मातींत लावावा. मानवल्यास तो वर्षाला हातभर वाढतो. उन्हाळ्यांत माती पूर्ण सुकल्यावर पाणी घालावें. थंडींत जवळजवळ नकोच. आमच्याकडील पावसाळा हा त्याचा खरा वैरी. मीं माझा पहिला कोंब आषाढांत अंगणांत उघड्यावर ठेविला. पावसानें न्हाऊन तो टवटवीत दिसे, म्हणून मीं समाधान मानिलें. श्रावणांत हात लावतांच तो बुडापासून मऊ होऊन कोसळला. आतां दुसरा पागोळ्यांपासून दूर, पडवीच्या कडेला उभा आहे. मोठें झाल्यावर हें झाड रात्रीं पांढरीं, सुवासिक, वीतभर लांब फुलें देतें. माझ्या झाडाला तीं अद्याप आलेलीं नाहींत.

चाळीस वर्षें मुलांना मीं इतिहास शिकविला तो राजांचा व लढायांचा. या मुक्या झाडानें उतारवयांत मला शिकविलें कीं, पराभूतांचा इतिहास पुष्कळदां पोथ्यांत नव्हे, तर परसांत टिकून राहतो.