दुसऱ्याने हात लावायचा नाही: सहा दिवसांची ट्रायल आणि येझदीचं मागचं चाक

ऑफ-रोड बाइकचा मेन्टेनन्स घरच्या घरी शिकायचा तर सुरुवात कुठून करायची, असं तुमच्यातले बरेच जण विचारतात. उत्तर देतो, पण आधी तुम्हाला 1913 सालात यावं लागेल.

त्या वर्षी उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइलला पहिली इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल झाली. सहा दिवस डोंगर, ओढे, चिखल तुडवत ठरलेल्या वेळेत ठरलेला चेकपॉइंट गाठायचा. उशीर झाला की मार्क गेले. नुसता वेग असून भागत नव्हतं, गाडी सहाव्या दिवशीही चालती पाहिजे.

या स्पर्धेचा जीव मात्र तिच्या एका नियमात आहे. बाइक चालवणाऱ्यानेच ती दुरुस्त करायची, दुसऱ्या कोणीही हात लावायचा नाही. इंजिनाचे मुख्य भाग, फ्रेम, चाकांचे हब यांवर रंगाच्या खुणा किंवा सील. ते बदलता येत नाहीत, हब फुटला की खेळ खल्लास. रात्री सगळ्या गाड्या कुंपणात बंद. कामाला वेळ किती? आजच्या नियमात सकाळी 10 मिनिटं आणि दिवस संपताना 15 मिनिटं. तेवढ्यात टायर बदला, चेन ताणा, एअर फिल्टर बदला. आपल्याकडे सर्व्हिसिंगला गाडी सकाळी टाकून संध्याकाळी आणतात, हे आठवून मला जरा हसूच येतं.

अशा नियमाखाली माणूस काय काय युक्त्या काढतो बघा. रायडर क्लचच्या चालू केबलला लागूनच दुसरी केबल टेपने चिकटवून ठेवायचे. तुटली की फक्त टोकं बदलायची. ॲक्सलला आडवा दांडा वेल्ड केलेला, म्हणजे पाना शोधायलाच नको. शक्य तिथे सगळे नट एकाच मापाचे. चेनची जादा लिंक हँडलला चिकटवलेली. कुठल्या ड्रॉइंग ऑफिसात बसून सुचणाऱ्या गोष्टी नाहीत या. चिखलात बोटं बधिर झालेल्या माणसालाच त्या सुचणार.

हळूहळू कारखान्यांनाही हे उमजलं, पण सगळ्यांना एकदम नाही. ब्रिटननं मुख्य ट्रॉफी शेवटची जिंकली 1953 मध्ये. पुढच्या काळात चेकोस्लोव्हाकियाच्या जावा आणि पूर्व जर्मनीच्या एमझेड पुढे गेल्या. हलक्या टू-स्ट्रोक गाड्या, व्हॉल्व्ह नाहीत, पार्ट कमी, म्हणजे उघडायलाही कमी. 1964 ला पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टला अमेरिकेची टीम आली होती, तिच्यात चक्क हॉलिवूडचा स्टीव्ह मॅक्क्वीन! गाडी ट्रायम्फ 650, वजनदार. तिसऱ्या दिवशी तो पडला आणि स्पर्धेबाहेर गेला. त्याच टीममधल्या डेव्ह एकिन्स आणि क्लिफ कोलमननं मात्र गोल्ड मेडल आणलं, त्यामुळे सगळा दोष ट्रायम्फच्या माथी मारता येत नाही. पण त्या वर्षीची ट्रॉफी पूर्व जर्मनीनंच ठेवली. चेक टीमनं तर 1970 ते 1974 सलग पाच वेळा जिंकली.

आता आपल्या घराजवळ येऊ. जावा 1961 पासून म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात बनायला लागली, आणि पुढे तिचीच येझदी झाली. घरात काका-आजोबांची जुनी येझदी असेल तर तिचं मागचं चाक बघा. चेन पूर्ण डब्यात झाकलेली, धूळ-चिखल आत जात नाही. आणि ॲक्सल ओढला की चाक बाहेर येतं, पण स्प्रॉकेट आणि चेन जागच्या जागी राहतात. म्हणजे पंक्चर काढताना चेनला हातच लावायचा नाही! ही काही शर्यतीची गाडी नव्हती, साधी रस्त्यावरची होती. पण तिच्या मागे उभं असलेला विचार तोच: मालकाला रस्त्याकडेला एकट्याला जमलं पाहिजे.

आजच्या ॲडव्हेंचर बाइक भारी आहेत, वाद नाही. पण काहींचा एअर फिल्टर बघायला सीट, टाकी, प्लास्टिक इतकं काढावं लागतं की लोक तो बघतच नाहीत. कोकणातली लाल धूळ फिल्टर चुकवून आत गेली तर ती पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासते. मग पिकअप जातो, धूर येतो, आणि बिल बघून तोंडचं पाणी पळतं. ऑफ-रोड गाडीत फोमचा फिल्टर असतो. केरोसीनमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, पिळायचा नाही, नुसता दाबायचा. पूर्ण वाळला की फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं मुरवायचं. पेट्रोलने धुऊ नका, भडका उडू शकतो आणि फोमचा चिकटवलेला जोडही सुटतो. रस्त्याच्या गाडीतला कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचा.

तर सुरुवात कुठून? मागच्या चाकापासून. या रविवारी गाडीसोबत आलेल्या टूलकिटनेच, कुणालाही न बोलावता, मागचं चाक काढा आणि परत बसवा. गाडी नीट स्टँडवर, आणि मोबाइलवर स्टॉपवॉच. बसवताना चेन किती सैल ठेवायची ते मॅन्युअलमधून बघा, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्यात का तपासा, ॲक्सल पक्का आवळा, ब्रेक दोन-चार वेळा दाबून बघा. तुमची वेळ आम्हाला कळवा. पुढच्या भागात टू-स्ट्रोक आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची गंमत.