समुद्रतळीची चुनखडी आणि तिच्यातील पोकळी

बडोद्याच्या माणसाला खनिज तेलाचे फारसे अप्रूप उरलेले नाही. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले आणि १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. परंतु अंकलेश्वरचे तेल वालुकाश्मातले. वाळूच्या कणांमधील जागा हीच त्याची कोठी. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात जे तेल शोधले, ते मुख्यतः चुनखडीत होते, आणि चुनखडीचा इतिहास वाळूइतका सरळ नसतो.

सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी, मायोसीन काळात, तेथे उथळ समुद्र होता. शांत पाण्यात चुन्याचा बारीक चिखल बसला. लाटांनी ढवळलेल्या जागी चिखल धुऊन जाऊन कवचांचे कण उरले. दोन्ही चुनखडीच, पण एक घट्ट, दुसरी विरळ. मात्र ही प्रतवारी जन्मतः ठरली तरी तशीच टिकत नाही. समुद्र मागे हटला की तळ उघडा पडे व पावसाचे गोडे, किंचित आम्लधर्मी पाणी त्यात मुरे. अ‍ॅरागोनाइटची कवचे त्यात लवकर विरघळत आणि त्यांचे साचे पोकळ राहत. तोच विरघळलेला चुना अन्यत्र कॅल्साइट होऊन फटी बुजवी. एकाच पाण्याची ही दोन कामे! समुद्र पुन्हा चढे, वर नवा थर बसे, मधूनमधून शेलचे पातळ पडदे येत. तेल या पोकळ्यांत नंतर आले; ते तयार झाले शेजारच्या खोलगट भागातील अधिक जुन्या शेलमध्ये.

म्हणून ‘तेलाचे सरोवर’ हा वर्तमानपत्री शब्दप्रयोग मला खटकतो. (शब्दावर अडून बसणे ही मराठीच्या अध्यापकाची जुनी खोड.) सरोवर एका काठाने उपसले तरी सगळीकडची पातळी उतरते, येथे तसे नाही. कवचाचा साचा ऐसपैस असला तरी शेजारच्या साच्याशी जोडलेला नसेल, तर त्यातील तेल विहिरीपर्यंत पोहोचत नाही. सच्छिद्रता निराळी, पार्यता निराळी. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले; पुढे दाब टिकविण्यासाठी खडकात पाणी भरावे लागले. असे पाणी मोकळ्या थरातून धावत सुटते आणि घट्ट थरातील तेल मागे राहते. ते कोठे राहिले, हे शोधण्यासाठी विहिरीतून काढलेल्या खडकात निळी राळ भरून त्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. कवच केव्हाच गेलेले असते. त्याची कमान तेवढी निळी दिसते.